लेव्हलभाऊ आणि परका माणूस

लेव्हलभाऊ बायकांच्या चपला चोरतो, ही बातमी आमच्या इमारतीत तळमजल्यावर फुटली आणि दूधवाला जिना चढायच्या आत गच्चीपर्यंत पोहोचली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींची समारंभाला घालायची उंच टाचांची चप्पल दारातल्या मांडणीतून गायब झाली होती, आणि ती लेव्हलभाऊच्या पिशवीत दिसली होती. दिसली कोणाला, तर शिंपीणबाईंना. आणि शिंपीणबाईंना दिसलं म्हणजे छापून आल्यासारखंच. मग प्रत्येकाने पदरची भर घातली. कोणी म्हणालं, या वयात बाईचा नाद लागला असेल, तिच्या पायाचं माप घेतोय. कोणी म्हणालं, स्वतःच घालत असेल, माणसाचं काय सांगता येतं! यातलं दुसरं खरं होतं, आणि नेमकं तेच कोणाला खरं वाटत नव्हतं.

तर आधी खुलासा. चपला चोरल्या नव्हत्या, मागून नेल्या होत्या. वहिनींना त्याने दारात उभं राहून विचारलं होतं. वहिनी तेव्हा फोनवर बहिणीशी बोलत होत्या, आणि फोनवर असताना त्या कशालाही "हो हो, घेऊन जा" म्हणतात. त्याच पिशवीत इमारतीतल्या मास्तरांचे करकरणारे बूटही होते, ते तर मास्तरांनी स्वतःच्या हाताने पिशवीत घालून दिले होते. पण मास्तरही हे सांगायला जिन्यात थांबले नाहीत. एवढी रंगलेली गोष्ट मोडायची कोणालाच घाई नव्हती.

लेव्हलभाऊचं खरं नाव त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर असेल. इमारतीत ते कोणी वापरत नाही. विद्यापीठाच्या आवारात पार मागच्या टोकाला, खेळाच्या मैदानापलीकडे, कलाकेंद्र आहे. तिथल्या हॉलमध्ये चित्रं टांगायची हे त्याचं काम. एका आठवड्यात मातीची भांडी, पुढच्या आठवड्यात काळेपांढरे फोटो, मध्येच नाचाचा कार्यक्रम, मग कोणीतरी येऊन छताला दोऱ्यांचं जाळं बांधून जातं आणि त्याला कला म्हणतात. लेव्हलभाऊ सगळ्यांचे खिळे ठोकतो, सगळ्यांचे खिळे काढतो, भोकं लांबीचा लगदा भरून बुजवतो आणि भिंतीला पुन्हा पांढरा हात मारतो. शर्टाच्या खिशात लेव्हलची छोटी नळी, तिच्यात हिरव्या पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की चित्र सरळ, आणि लेव्हलभाऊच्या जिवाला शांती.

ही शांती त्याने आम्हालाही फार दिली. कोणाच्या घरी चहाला गेला तर कप उचलायच्या आधी भिंतीवरचं घड्याळ सरळ करणार. मास्तरांच्या वडिलांना जाऊन काही दिवस झाले होते, तेव्हा हा भेटायला गेला, डोळे पुसले, उठला, आणि वडिलांचा फोटो एका बाजूने जरा वर ढकलून, नळी लावून बघून मगच बाहेर पडला. मास्तर म्हणाले, "बाबा जन्मभर वाकडे वागले, आता तरी सरळ झाले."

पण चित्रात काय आहे, ते लेव्हलभाऊ बघत नसे. तसं त्याने ठरवूनच टाकलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याचं चित्र त्याला उलटं वाटलं, म्हणून त्याने फिरवून टांगलं. उद्घाटनाला त्या पोराने असा काही थयथयाट केला की संचालक बाईंनी सगळ्यांसमोर लेव्हलभाऊची हजेरी घेतली. त्या दिवसापासून त्याचा एकच नियम: चित्रामागे कड्या जिकडे लावल्या असतील, ती वरची बाजू. कडी जिथे, तिथे वर. आत घोडा असो, नवरी असो की नुसते फराटे, त्याची नजर चौकटीच्या कडेवर आणि बुडबुड्यावर. असं करत त्याची अर्धी हयात चित्रांच्या सहवासात गेली आणि एकही चित्र त्याच्या डोळ्यांत शिरलं नाही.

आता ताई.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. हा दात घासायला शिकत होता त्या वयात आई-वडील गेले आणि ताईने याला वाढवलं. ताई याच विद्यापीठात चित्रकला शिकायला गेली होती. पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आतच ते सोडून एका फोटो स्टुडिओत कामाला लागली. काचेच्या टेबलाखाली दिवा, वर लोकांच्या निगेटिव्ह, आणि हातात टोक काढलेली पेन्सिल. नवरदेवाच्या नाकावरची पुटकुळी घालवायची, आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या कमी करायच्या. "आख्ख्या गावाला मी देखणं केलं," ताई म्हणायची, "माझ्याकडे मात्र बघायला कोणाला सवड झाली नाही." लग्नाचं म्हणत होती ती. हसत म्हणायची, म्हणून आपणही हसायचं.

घरी भांडी घासून झाली की ती ओट्यावरच चित्रं काढी. स्टुडिओतले टाकून दिलेले जाड पुठ्ठे, जुन्या फळ्या, जे मिळेल त्यावर. नळ, जिना, दोरीवरचे कपडे, कुकरची शिट्टी. झालं की पलंगाखाली. पलंगाखाली आता झाडू जात नव्हता.

आणि मग ताईचे डोळे जायला लागले. डोळ्यांचे पडदेच विरत चालले होते. डॉक्टर म्हणाले, इलाज नाही, आहे तेवढी नजर जपा. "जपा म्हणजे काय करू?" ताईने विचारलं, "डबीत भरून ठेवू?" काही महिन्यांत ताईला फक्त उजेड आणि उजेडात हलणाऱ्या सावल्या उरल्या. त्याही जाणार होत्या. कधी, तेवढं कोणी सांगत नव्हतं.

एका संध्याकाळी शेंगा सोलता सोलता ताई म्हणाली, "मला एकच वाटतं रे. कोणीतरी परकं माणूस यावं आणि माझी चित्रं बघावीत."

"परकं कशाला? आम्ही आहोत ना."

"तुम्ही छान म्हणता. तुम्ही माझ्या भाजीलाही छानच म्हणता. ज्याला माझी कीव नाही, ज्याने माझ्या हातचं खाल्लं नाही, अशा एका माणसाने उभं राहून बघावं. मी तिथे असताना. त्याची सावली थांबलेली मला कळेल. मग जाऊ देत डोळे जायचे तर."

लेव्हलभाऊने आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी संचालक बाईंच्या दारात उभा राहिला आणि बाईंनी हो म्हणेपर्यंत हलला नाही. बाई मनाने वाईट नव्हत्या. "अरे, वर्षभर हॉल भरलेला आहे. फक्त मोठ्या सुट्टीत रिकामा असतो. पण तेव्हा आवारात चिटपाखरू नसतं, त्याचं काय?"

"चिटपाखरू नकोच, बाई. एक माणूस पुरे."

बाईंनी आठवडा दिला आणि त्या स्वतः सुट्टीवर गेल्या.

मग लेव्हलभाऊने जन्मात कोणासाठी केली नसेल अशी तयारी केली. भिंतीला एकाऐवजी दोन हात मारले. पलंगाखालची चित्रं धुळीतून काढून, पुसून, कापड लावलेल्या चौकटीत बसवली. ताई मधोमध खुर्चीवर बसली होती, प्रत्येक चित्राचा कोपरा बोटांनी चाचपून सांगायची, "हा जिना. हा नळ. ही गच्ची." लेव्हलभाऊ मागच्या कड्या बघायचा, टांगायचा, बुडबुडा मधोमध आणायचा, खाली नावाची चिठ्ठी डकवायचा. गच्चीच्या फळीला आधीपासूनच स्टुडिओतल्या जुन्या कड्या होत्या, मजबूत, पितळी. त्याला फार आवडल्या त्या.

पहिल्या दिवशी इमारत गेली. ठेवणीतले कपडे घालून, अत्तर लावून, वरात निघाल्यासारखी. मास्तरांनी प्रत्येक चित्रासमोर मागे हात बांधून "वा" म्हटलं. शिंपीणबाईंनी चौकटींचं कापड चिमटीत धरून बघितलं. वहिनी गच्चीच्या चित्रासमोर थांबून म्हणाल्या, "अगं बाई, खाली ती टोपी किती गोड काढलीय!"

ते गेल्यावर ताई भावाला म्हणाली, "टोपी? वहिनींना माझ्यापेक्षाही कमी दिसतं का रे?"

दोघं हसले. पण दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही, आणि हसणं तिथेच संपलं.

आवार म्हणजे नुसतं ऊन. वसतिगृहाच्या खिडक्या बंद. फाटकावर लेव्हलभाऊने स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: चित्रांचं प्रदर्शन, सर्वांना खुलं, पैसे नाहीत. तिच्याखाली एक कुत्रं झोपलं होतं. संचालक बाईंचा अंदाज तेवढा चुकला. लेव्हलभाऊ बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. एका गृहस्थाला म्हणाला, "जरा पाच मिनिटं येता का? चित्रं आहेत."

"किती पडतील?"

"फुकट आहे."

"मग शेवटी काहीतरी गळ्यात मारणार असाल," म्हणून गृहस्थ छत्री उघडून निघून गेले. दुसऱ्या एका बाईला तो विनवायला गेला, तर तिने पर्स काखेत घट्ट धरली आणि रस्ता ओलांडला. आयुष्यभर भिंतीशी बोललेला माणूस. माणसांशी कसं बोलायचं ते त्याला कुठून येणार? तो जितका अजीजीने बोले तितका भामटा वाटे.

ताई रोज सकाळी केस नीट बांधून खुर्चीत बसे. दाराकडे तोंड करून. वाऱ्याने दार हललं तरी तिचे हात मांडीवरून उठत आणि पुन्हा मांडीवर पडत. लेव्हलभाऊला ते हात बघवेनात. तो भांडारघरात जाऊन, लांबीच्या डब्यांमध्ये उभा राहून, उगाच स्क्रू मोजत बसे.

त्याने इमारतीलाच पुन्हा गळ घातली. "या, पण बोलू नका. परके व्हा." मंडळी परकी व्हायला गेली. मास्तर श्वास रोखून आत शिरले. ताई म्हणाली, "बसा मास्तर, दमा वाढलाय तुमचा." शिंपीणबाई अगदी मांजरीच्या पावलाने गेल्या. "शिंपीणबाई, पर्समध्ये कात्री खुळखुळतेय हो तुमची." वहिनींनी तर दारातूनच नाद सोडला, कारण त्यांच्या आधी त्यांचं अत्तर आत गेलं होतं. त्यांना परकं होता येईना. एवढी वर्षं एकमेकांच्या दारात नाक खुपसल्यावर कुठलं परकेपण शिल्लक राहणार?

आठवडा सरत चालला. आणि तिथून चपलांचं प्रकरण सुरू झालं.

लेव्हलभाऊने स्वतःशी हिशोब मांडला. ताईला दिसतात सावल्या. ऐकू येतात पावलं. सावली माझी, पाऊल दुसऱ्याचं. झाला परका माणूस! बुडत्याने हात मारावेत तसा हा विचार. त्यात डोकं किती आणि घाबरगुंडी किती, ते बघायला तो थांबला नाही. मास्तरांचे बूट घालून, वर जुना कोट चढवून, तो मागच्या दाराने बाहेर गेला आणि पुढच्या दाराने करकर वाजत आत आला. चित्रासमोर थांबला. दुसऱ्यासमोर थांबला. ताईचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले आणि तसेच राहिले. तो बाहेर पडला, भांडारघरात येऊन बूट काढले, आणि अनवाणी ताईजवळ जाऊन म्हणाला, "कोणी आलं होतं का ग? मी जरा मागे होतो."

"आलं होतं," ताई म्हणाली. एवढंच.

दुपारी तो बाई होऊन आला. उंच टाचांवर त्याच्यासारखा धिप्पाड माणूस म्हणजे शिडीला चाकं लावल्यासारखं. दोनदा पाय मुरगळला, तोंडातून शिवी येता येता गिळली. ताई खुर्चीतून म्हणाली, "सावकाश, बाई. फरशी गुळगुळीत आहे. माझा भाऊ रोज पुसतो."

लेव्हलभाऊने घशातल्या घशात "हं" केलं.

"ते कोपऱ्यातलं बघितलंत का? गच्चीचं? त्यातलं पाणी मला बरं जमलंय."

तो टकटक करत कोपऱ्यात गेला. पाणी कुठे दिसेना. त्याला दिसली समोरच्या इमारतीची भिंत, खिडक्या, दोरीवरचे कपडे, आणि अगदी तळाशी करड्या पट्ट्यात वहिनींची ती टोपी. असेल पाणी कुठेतरी, कलेत काय, काहीही असतं. तो पुन्हा "हं" म्हणाला.

"टांगलीयत कशी, सांगा," ताई म्हणाली. "सरळ आहेत ना? माझा भाऊ टांगतो. त्याच्यासारखं सरळ कोणी टांगत नाही. फक्त एक आहे. तो बघत नाही. लहानपणी बघायचा. माझ्या मांडीवर बसून विचारायचा, हे काय, ते काय, हा कोण. पुढे खिळे ठोकायला लागला आणि बघायचं सोडलं. मी त्याला कधी म्हटलं नाही. परक्या माणसाला सांगता येतं, म्हणून सांगते."

लेव्हलभाऊ टाचांवर तसाच उभा राहिला. मग टकटक करत बाहेर गेला.

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी फाटकावरचा पहारेकरी कुलूप लावणार आणि उद्यापासून हॉलमध्ये नव्या खुर्च्यांचे खोके येऊन पडणार, हे ठरलेलं. लेव्हलभाऊने सकाळी बुटांनी एक फेरी मारली होती, दुपारी टाचांनी एक. आता संध्याकाळची शेवटची. भांडारघराच्या फळीआड बसून तो पुन्हा मास्तरांच्या बुटात पाय कोंबत होता. सुजलेला पाय जाईना. एक बूट चढला, दुसऱ्याची नाडी ओढता ओढता तुटली.

आणि तेवढ्यात हॉलमध्ये पावलं वाजली.

त्याची नव्हती. तो तर इथे बसला होता. त्याने फळीच्या फटीला डोळा लावला. दारात एक माणूस उभा होता. घामेजलेला, बाह्या वर केलेल्या, आणि काखेत टेबलावरचा एक पंखा, वायर कमरेभोवती गुंडाळलेली. दुरुस्तीला नेत असावा. पाण्याचा नळ शोधत आत आला असेल, आवारातून जवळची वाट म्हणून शिरला असेल, देव जाणे. इमारतीतला नव्हता, कलाकेंद्रातला नव्हता, कोणाचा कोणी नव्हता. अगदी अस्सल परका!

लेव्हलभाऊने मनात हात जोडले. जाऊ नको. बाबा रे, जाऊ नको.

माणसाने पंखा खाली ठेवला. जिन्याचं चित्र बघितलं. नळाचं बघितलं, नळ बघून त्याला तहान आठवली असावी, त्याने ओठांवरून जीभ फिरवली, पण गेला नाही. पुन्हा पंखा उचलला आणि कोपऱ्यातल्या गच्चीपाशी येऊन थांबला. थांबला तो थांबलाच. मग त्याने मान वाकडी केली. आणखी वाकडी. खांद्यावर कान टेकेपर्यंत वाकडी.

ताईचं तोंड त्या सावलीकडे वळलेलं होतं. ती ऐकत होती. बराच वेळ ऐकत होती. मग ती बोलली.

"पुरे झालं रे आता."

माणूस दचकला.

"किती दिवस हे सोंग? पहिल्या दिवसापासून कळतंय मला. बूट बदललास, चाल कशी बदलशील? आणि आज काखेत काय घेऊन आलास हे वाटोळं? वहिनींची टोपी?"

"मी... जरा पाणी..." माणूस पुटपुटला.

"आवाजही बदलायला लागलास! अरे, माझी कीव करू नको म्हटलं होतं ना? एवढंच मागितलं होतं. चल, नीघ इथून. नीघ म्हणते ना!"

माणसाने पंखा काखेत घट्ट केला आणि मान खाली घालून निघाला. दार एकदा वाजलं आणि ऊन आत येऊन परत गेलं.

फळीआड लेव्हलभाऊ तोंड उघडून बसला होता. ओरडायचं होतं, पण ओरडला असता तर ताईला काय काय एकदम कळलं असतं! मग तो उठला. एका पायात मास्तरांचा बूट, दुसऱ्या पायात जे हाताला लागलं ते, म्हणजे वहिनींची टाच, असा मागच्या दाराने धावत सुटला. खेळाचं मैदान ओलांडून, खाली-वर, खाली-वर, जणू एक पाय खड्ड्यातून आणि एक पाय बांधावरून. पहारेकरी स्टुलावरून उठून उभा राहिला. अख्खं जग लेव्हलमध्ये ठेवणारा माणूस जन्मात इतका वाकडा चालला नव्हता.

बस थांब्यावर उभीच होती. पंखेवाला पायरीवर, आणि कंडक्टर त्याच्याशी पंख्यावरून हुज्जत घालत होता.

"अहो! अहो पंखेवाले! परत या!"

माणसाने याच्या पायांकडे पाहिलं आणि पंखा छातीशी धरला. "मी काही उचललेलं नाही हो. पंखा माझा आहे."

"तसं नाही. चित्रं बघा. परत येऊन बघा. हात जोडतो. ती माझी बहीण आहे. तिला वाटलं, तुम्ही म्हणजे मी."

या वाक्याचा अर्थ कोणालाही लागला नसता. "बाई रागावल्या म्हणून निघालो," माणूस म्हणाला. "बघितली की मी. मला त्यातलं काही कळत नाही. ते कोपऱ्यातलं तेवढं उलटं लागलंय, तेवढं बघा."

"उलटं?"

"बादली आहे ना ती. तोंड खाली कसं असेल? गच्चीवर पाणी साचलंय आणि पाण्यात समोरची बिल्डिंग दिसतेय. पाणी हलतंय त्यातलं. मस्त हलतंय."

"उतरा ना! एवढंच तिला येऊन सांगा. एवढंच!"

"अहो, दुकान बंद होईल. घरी बाळ आहे, उकाडा आहे..." कंडक्टरने घंटी मारली. बस हलली. लेव्हलभाऊ दांडा धरून चार पावलं धावला. टाच मोडली आणि तो रस्त्यावर बसला.

परत येऊन त्याने ताईला सगळं सांगितलं. लपवायला आता काही राहिलंच नव्हतं. ताई ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू विझत गेला, आणि ते बघणं लेव्हलभाऊच्या नशिबी आलं. ताईच्या नाही, एवढंच बरं.

"खराच होता?" ती म्हणाली.

"खरा होता."

"मी हाकलला त्याला."

"तुझा काय दोष? मी तुला खोट्याची सवय लावली."

"म्हातारा होता का तरुण?"

"मला नाही सांगता येणार, ताई. मी त्याची मानच बघत होतो."

ताई खुर्चीच्या हातावर मूठ हळूहळू आपटत राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं लेव्हलभाऊ पुढे म्हणायचा. मग ती म्हणाली, "काढ ते खाली. फिरव."

त्याने गच्ची काढली, फिरवली आणि भिंतीशी टेकवून ठेवली. पितळी कड्या आता जमिनीकडे. खिशातल्या नळीकडे त्याचा हात गेला आणि तसाच परत आला.

"मला दाखवू नको. तू बघ. आणि सांग."

तो उकिडवा बसला. बसला आणि बघू लागला. "पाणी आहे," तो म्हणाला. "वर कठडा आहे, बादली आहे. सगळी गच्ची पाण्याने भरलीय. टाकी वाहिली असेल. पाण्यात खिडक्या आहेत. खिडक्या वाकड्यातिकड्या आहेत ग. सरळ नाहीत."

"पाण्यात सरळ कशा असतील?"

"एका खिडकीत कोणीतरी आहे. बारकं. तोंडात काहीतरी आहे त्याच्या. हा कोण?"

"तूच," ताई म्हणाली. "दात घासतोयस. आपण समोर राहायचो तेव्हा."

पहारेकरी किल्ल्या वाजवत आला तेव्हा लेव्हलभाऊ ते चित्र दोन्ही हातांनी उंच धरून, पाठ भिंतीला लावून, दाराकडे तोंड करून उभा होता. सुलट्या बाजूला कड्याच नव्हत्या, म्हणून स्वतःच खिळा झाला होता. बस परत फिरली, पंखेवाल्याला दया आली, तो आला, तर चित्र सरळ दिसायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात. "चला आता," पहारेकरी म्हणाला. लेव्हलभाऊ म्हणाला, "जरा थांब." पहारेकरी थांबला, मग पुन्हा म्हणाला. असं पुष्कळ वेळा झालं. बाहेरचं ऊन उतरून दारातला उजेड गेला, आणि ताई म्हणाली, "आता मलाही काही दिसत नाही. चल घरी."

चित्रं परत पलंगाखाली गेली. पावसाळा संपायच्या आत ताईच्या सावल्याही गेल्या. आता ती खिडकीशी बसते, पण खिडकीकडे पाठ करून. म्हणते, वारा तरी पाठीला लागतो. आणि लेव्हलभाऊ काम सुटलं की बसथांब्यावर जाऊन उभा राहतो. पंखे दुरुस्त करणाऱ्या झाडून सगळ्या दुकानांत त्याचं विचारून झालंय: बाह्या वर केलेला माणूस, टेबलावरचा पंखा, घरी बाळ. दुकानदार म्हणतात, अहो, पंखा घेऊन येणारा प्रत्येक माणूस बाह्या वर करूनच येतो. पण तो विचारतोच. एकदा येऊन त्याने ताईसमोर तेवढंच एक वाक्य म्हणावं, पाणी हलतंय म्हणून, एवढ्यासाठी. लेव्हलभाऊ ते वाक्य ताईला रोज सांगतो. पण ते भावाच्या तोंडचं झालं.

इमारतीला अर्थात नवी बातमी मिळाली: लेव्हलभाऊ पंख्यांचा धंदा काढतोय. परवा जिन्यात सगळी मंडळी जमली होती. शिंपीणबाईंच्या हातात कात्री, मास्तर कठड्याला टेकलेले, वहिनी नव्या टाचांवर. लेव्हलभाऊ वर चढत होता, थकून, कोणाचंही घड्याळ सरळ न करता. वहिनींना मोडलेल्या टाचेचा राग होताच.

"काय हो लेव्हलभाऊ," त्या म्हणाल्या, "माझी चप्पल घालून एवढी धावाधाव केलीत, शेवटी आम्ही सोडून कोणी काळं कुत्रं तरी आलं का ताईंच्या प्रदर्शनाला?"

मंडळी हसली. लेव्हलभाऊ दोन पायऱ्या वर गेला, थांबला, आणि मागे वळून म्हणाला, "एक आला होता, वहिनी. तुम्ही सगळे छान म्हणून गेलात. तो उलटं आहे म्हणाला."